विमान लेट, जहाज वेळेवर

चंद्रपुरात समुद्र नाही. इथल्या माणसाला जहाजात बसायचं तर आधी नागपूर गाठायचं, मग मुंबई, मग बंदर. मोरव्याला धावपट्टी आहे, पण तिथून प्रवासी विमानसेवा नाही. गडचिरोलीकराला तर त्याच्याही अलीकडचा टप्पा असतो. कैक वर्षं जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणजे एकटं वडसा. बाकी सगळी भिस्त एसटीवर, काळी-पिवळीवर किंवा घरच्या गाडीवर. भामरागडहून निघणाऱ्याला पावसाळ्यात आधी पर्लकोटा नदीचा अंदाज घ्यावा लागतो. तिला मोठा पूर आला की आलापल्लीचा रस्ता बंद, मग खिशातल्या तिकिटावर तारीख कोणतीही असो.

तरीही क्रूझ हा शब्द आता इकडच्या घरांतही ऐकू येतो. पेपर मिल, वेकोलिच्या कोळसा खाणी, वीज केंद्र नाही तर शाळा-कॉलेजातून निवृत्त झालेली जोडपी टूर कंपनीची पुस्तिका चाळताना दिसतात. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागलं, तेव्हापासून त्यासाठी पासपोर्टही लागेनासा झाला. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांची जाहिरात तर गल्लीतल्या ट्रॅव्हल एजंटाच्या काचेवर असते. या सहलीत दमछाक करणारा भाग एकच, वेळेत बंदरावर पोचण्याचा. विम्याचा खरा कसही तिथेच लागतो.

समजा, बल्लारपूरचं एक जोडपं आहे. जहाज मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून संध्याकाळी ५ वाजता सुटणार, चेक-इन दुपारी ३ ला बंद. त्यांनी नागपूरहून सकाळी साडेनऊचं विमान घेतलं. ते ११ ला मुंबईत उतरणार, म्हणजे हातात चार तास. हिशेब चोख. पण विमान तीन तास उशिरा सुटलं. उतरायला २ वाजले, सामान मिळायला अडीच. विमानतळापासून बॅलार्ड पिअर पंचवीसेक किलोमीटर, आणि मध्ये मुंबईची वाहतूक. दोघे फाटकाशी पोचले तेव्हा चेक-इन बंद झालं होतं. क्रूझचे नव्वद हजार रुपये गेले असं धरू. विमान कंपनीकडून त्यांना नियमाने काय मिळालं? चहा आणि काहीतरी खायला.

यात कंपनीने नियम मोडला असं नाही. नियमच तसा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमावलीप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर प्रवाशाला खाणंपिणं द्यायचं. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यांतलं प्रवासी मागेल ते द्यायचं. चोवीस तासांच्या पुढे गेला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतलं उड्डाण सहा तासांहून अधिक लांबलं, तर हॉटेल. निव्वळ उशिरासाठी रोख भरपाई देशांतर्गत प्रवासात नाही.

रोख भरपाई आहे ती उड्डाण आयत्या वेळी रद्द झालं तर. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंतच्याला ७,५००, त्यापुढच्याला १०,०००. पण ही रक्कम किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल तेच हातात पडतं. धुकं, वादळ, संप, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर तेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये इंटरग्लोब एव्हिएशनच्या प्रकरणात हीच रेघ ओढली. दिल्लीहून हैदराबादला जाणारं विमान डिसेंबर २००७ मध्ये धुक्यामुळे तासन् तास अडकलं होतं आणि स्थायी लोकअदालतीने प्रवाशाला भरपाई दिली होती. न्यायालयाने ती रद्द केली. धुक्याचा दोष कंपनीचा नाही, अडकलेल्या प्रवाशांची खाण्यापिण्याची सोय करणं मात्र तिचं काम, असा त्या निकालाचा आशय.

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवा. वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते आणि इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. तिकिटाचे पैसे परत करा, असं सरकारने बजावलं. पण तिकिटाचे पैसे परत मिळणं वेगळं आणि त्या तिकिटावर टांगलेला पुढचा सगळा बेत परत मिळणं वेगळं. विमानाचं तिकीट सहा हजारांचं आणि त्याच्या शेपटाला बांधलेलं जहाज नव्वद हजारांचं. विमान कंपनीला आपले सहा हजार दिसतात, ते शेपूट दिसत नाही.

इथे नागपूरचीच एक जुनी गोष्ट आठवते. १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला सोनेगावच्या विमानतळावर जमायची. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी एका विमानातून दुसऱ्यात जायचे आणि विमानं आपापल्या वाटेला लागायची. १९७३ पर्यंत हे चाललं. चारही विमानं एकाच यंत्रणेची होती, त्यांची वेळापत्रकं एकमेकांसाठी आखलेली होती आणि मद्रासचा प्रवासी दिल्लीच्या विमानात पोचवणं ही त्या यंत्रणेची जबाबदारी होती. आपण मोबाइलवर तीन वेगळ्या ठिकाणी तीन वेगळी बुकिंगं करतो तेव्हा अशी यंत्रणा नसते. गाडी, विमान आणि जहाज यांना जोडणारा दुवा फक्त आपल्या डोक्यात असतो. कागदावर तो नसतो, आणि विमा काय किंवा कायदा काय, दोघंही कागदच वाचतात.

दुवा कागदावर आला की हक्कही बदलतात. नागपूर–मुंबई आणि मुंबई–सिंगापूर ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील तर पहिल्या उशिरामुळे चुकलेलं दुसरं विमान ही विमान कंपनीची जबाबदारी ठरते. तिने पुढच्या विमानात जागा द्यायची. शिवाय असा प्रवास नागपूरपासूनच आंतरराष्ट्रीय धरला जातो आणि त्याला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. त्या करारात उशिराने झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई, एका मर्यादेपर्यंत, मागता येते. शक्य ते सगळे उपाय केले होते हे कंपनीने सिद्ध केलं तरच तिची सुटका. विमान तेच, नागपूरची धावपट्टी तीच, पण तिकीट एक की दोन यावर हक्क पालटतो. युरोपातून सुटणाऱ्या विमानांना तर २००४ चा युरोपीय नियम आहे. तीन तास किंवा त्याहून उशिरा पोचलात आणि कारण कंपनीच्या अखत्यारीतलं असेल तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो मिळतात. भूमध्य समुद्रातली क्रूझ करून परतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता रेल्वे. चंद्रपूर दिल्ली–चेन्नई मार्गावर आहे, त्यामुळे नागपूरपर्यंत गाडीने जाऊन विमान पकडणारे पुष्कळ. ही गाडी लेट झाली तर? यावर सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२१ चा निकाल आहे. जून २०१६ मध्ये एक कुटुंब अजमेर–जम्मू एक्स्प्रेसने निघालं. जम्मूहून दुपारी श्रीनगरचं विमान होतं. गाडी चार तास उशिरा पोचली आणि विमान गेलं. त्यांनी १५,००० रुपये देऊन टॅक्सीने श्रीनगर गाठलं, आणि दल सरोवरातल्या बोटीचं आरक्षणही वाया गेलं. गाडी, विमान, बोट! आपल्या बल्लारपूरकरांची साखळी इथे हुबेहूब आहे. गाडी वेळेवर पोचेलच अशी हमी आमच्या नियमांत नाही, असं रेल्वेने सांगितलं. न्यायालयाने ते पुरेसं मानलं नाही. उशीर का झाला आणि तो टाळण्यासारखा नव्हता हे रेल्वेने दाखवायला हवं, ते दाखवलं नाही तर भरपाई द्यावी लागेल, असं ठरलं. टॅक्सी, बुडालेलं आरक्षण, मनस्ताप आणि खटल्याचा खर्च मिळून रक्कम तीस-पस्तीस हजारांच्या घरात. पण तारखा पाहा. उशीर २०१६ चा आणि शेवटचा निकाल २०२१ चा.

रेल्वेचं ऑनलाइन तिकीट काढताना ४५ पैशांच्या विम्यावर आपण टिक करतो. तो अपघाताचा विमा आहे. मृत्यू आला तर १० लाख, जखमी होऊन दवाखान्यात राहावं लागलं तर २ लाखांपर्यंत. गाडी लेट झाली म्हणून त्यातून छदामही मिळत नाही. गाडी तुम्ही चढणार त्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण भाडं परत मिळतं. तो विम्याचा नव्हे, रेल्वेचा नियम.

मग प्रवास विमा नेमकं काय देतो? मुळात विम्याचा धंदा वाढला तोच समुद्रावर. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीघरात जहाजांचे मालक आणि जोखीम उचलणारे सावकार जमत. त्यांची चिंता एकच होती, गेलेलं जहाज परत येईल की नाही. क्रूझच्या प्रवाशाची चिंता उलटी आहे. जहाज ठणठणीत आहे, वेळेवर निघालं आहे, फक्त आपण त्यात नाही. ही जोखीम पॉलिसीत आपोआप येत नाही, ती शोधावी लागते.

पॉलिसीत साधारण तीन कलमं या प्रसंगाशी नातं सांगतात. पहिलं प्रवास-विलंबाचं, म्हणजे ट्रिप डिले. विमान ठरावीक तासांपेक्षा जास्त लांबलं तर ठरलेली रक्कम किंवा जेवणाखाण्याचा, मुक्कामाचा खर्च. दुसरं चुकलेल्या जोडप्रवासाचं, मिस्ड कनेक्शन. पहिलं वाहन लेट झाल्याने दुसरं चुकलं तर पुढे गाठण्याचा जादा खर्च. तिसरं सहल रद्द होण्याचं किंवा अर्ध्यात मोडण्याचं. आधी भरलेले आणि परत न मिळणारे पैसे यातून निघतात, पण नमूद कारणांसाठीच. आजारपण, घरातला मृत्यू, नैसर्गिक आपत्ती अशी ती यादी असते. लोक पहिलं कलम वाचतात आणि तिसऱ्याचं संरक्षण आपल्याला आहे असं समजतात. भांडण इथून सुरू होतं. विलंबाच्या कलमातून रात्रीच्या लॉजचे पैसे मिळतात, जहाजाचे नव्वद हजार नाही.

त्यातही तासांची अट असते. पुष्कळ पॉलिसींत विलंबाचं कलम सहा किंवा बारा तासांनंतर लागू होतं. बल्लारपूरच्या जोडप्याचा उशीर तीन तासांचा. जहाज चुकायला तीन तास पुरले, विमा जागा व्हायला सहा लागतात. म्हणून पॉलिसी घेताना विम्याची रक्कम किती याच्या आधी उशीर किती तासांपासून धरता, हे विचारावं.

दुसरा प्रश्न, जोडप्रवास म्हणजे काय? काही पॉलिसींत फक्त विमानानंतरचं विमान. जहाज त्यात येतं का, हे व्याख्येच्या पानावर पाहावं. परदेशी कंपन्यांच्या काही पॉलिसींत क्रूझ चुकण्याचं वेगळं कलम असतं. आपल्याकडे ते आहे असं गृहीत धरू नये. असलंच तर दोन वाहनांच्या मध्ये अमुक तासांचं अंतर ठेवलेलं असावं, अशी अट त्याला चिकटलेली असू शकते.

तिसरा प्रश्न आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा. विमा कुठून सुरू होतो? पॉलिसी परदेश प्रवासाची असेल तर भारत सोडल्यापासूनच काही कलमं लागू होतात. मग नागपूर–मुंबई हा टप्पा बाहेर राहिला. मुंबईकराला ही अट जाणवतही नाही, कारण त्याचं विमान घराजवळूनच परदेशी जातं. विदर्भातल्या माणसाचा मात्र निम्मा धोका भारत सोडण्याआधीच येऊन गेलेला असतो. उलट मुंबई–गोवा–लक्षद्वीप ही क्रूझ देशातलीच, तिला परदेशी पॉलिसीचा उपयोग नाही. तिच्यासाठी देशांतर्गत प्रवासाची पॉलिसी हवी.

चौथा, वाहन कोणतं? विम्याच्या भाषेत सार्वजनिक वाहन म्हणजे परवाना घेऊन, भाडं आकारून, ठरलेल्या वेळी धावणारं. विमान आणि रेल्वे त्यात बसतात, एसटी बसेल. चंद्रपूरहून नागपूरला निघालेली तुमची स्वतःची गाडी वरोऱ्याजवळ पंक्चर झाली तर ते तुमचं तुम्ही. जांबजवळ रस्ता अडला, आलापल्लीच्या पुढे नाल्याला पूर आला, तरी बहुधा तेच उत्तर मिळेल.

आणि पाचवा, कारण कोणतं? खराब हवामान, यंत्रातला बिघाड, संप ही कारणं बहुतेक याद्यांत असतात. वैमानिक कमी पडले, वेळापत्रक कोलमडलं, ही असतीलच असं नाही. शिवाय संकट जाहीर झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या संकटाला लागू होत नाही. वादळाचा इशारा टीव्हीवर आल्यावर विमा काढणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणं.

चुकलेलं जहाज पुढच्या बंदरात गाठता येईल का, असंही मनात येतं. मुंबईत हुकलं, गोव्यात गाठू. पण प्रवाशांची यादी जहाज सुटण्याआधी बंद झालेली असते. मध्येच चढवायचं की नाही हे जहाज कंपनी आणि त्या बंदरातले अधिकारी ठरवतात. परदेशात त्या बंदराच्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. म्हणून ही सोय आहे का, हे बुकिंगच्या वेळीच लेखी विचारून घ्यावं आणि जहाज कंपनीचा तातडीचा फोन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवावा. विमान लेट होतंय असं कळताच पहिला फोन तिथे करायचा. न कळवता गैरहजर राहिलात तर पूर्ण भाडं बुडतं आणि परतीची जोडलेली तिकिटंही रद्द होऊ शकतात.

हे सगळं समुद्राचं वाटत असेल तर आपलंच ताडोबा बघा. तिथे येणारा मुंबईचा किंवा पुण्याचा पर्यटक हीच साखळी उलट्या दिशेने चालतो. विमानाने नागपूर, तिथून गाडीने मोहर्ली नाही तर कोलारा, आणि ठरलेल्या वेळी जिप्सी. सफारीचं आरक्षण नावानिशी आणि ओळखपत्रानिशी झालेलं असतं. फाटक बंद झाल्यावर ते तुमच्या विमानासाठी उघडत नाही. म्हणून तिथले रिसॉर्टवाले पहाटेच्या सफारीसाठी पाहुण्याला आदल्या दिवशीच यायला सांगतात.

आता करायचं काय, ते थोडक्यात. जमेल तिथे विमान आणि क्रूझ एकाच टूर कंपनीकडून, एकाच करारात घ्या, म्हणजे टप्प्यांची जुळणी तिची जबाबदारी होते. विमा प्रवासाच्या तोंडावर नको, बुकिंग झाल्याबरोबर काढा. उशीर झालाच तर विमानतळ सोडण्यापूर्वी कंपनीकडून उशिराचा लेखी दाखला घ्या, त्यावर ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि कारण असू द्या. बोर्डिंग पास, एसएमएस, टॅक्सीची नि जेवणाची बिलं, सगळं जपून ठेवा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी पुण्याचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. दुसरी वाट ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. म्हणजे मुंबईत चुकलेल्या जहाजासाठी चंद्रपूरच्या किंवा गडचिरोलीच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क शून्य. मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

या सगळ्या वाटा नुकसान झाल्यानंतरच्या. नुकसान होऊच नये यासाठीची वाट याहून स्वस्त आहे. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचायचं आणि रात्रभर तिथे राहायचं. क्रूझ परदेशातून असेल तर तिथेही एक रात्र आधी. बेरजेत आपण हातचा एक धरतो तसा प्रवासात हातचा एक दिवस धरायचा. त्या दिवसाचा खर्च म्हणजे लॉजची एक खोली आणि दोन वेळचं जेवण, आणि त्याला ना तासांची अट, ना कारणांची यादी. पावसाळ्यात भामरागडहून जिल्ह्याच्या कामाला निघालेला माणूस नदी फुगायच्या आत, आदल्या दिवशीच निघतो. क्रूझलाही तसंच निघा. विमाही काढा, पण त्या मुक्कामाच्या ऐवजी नव्हे, त्याच्या जोडीला.